तिचा मतदारसंघ, माझा डबा

कॅनडातल्या कुठल्या पक्षाचा पुढारी जाणार, त्याच्या जागेवर कोण कोण टपून बसलंय आणि निवडणूक लवकर लागणार की रेंगाळणार, हे सगळं मला बर दुबई भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळच्या चहाबरोबर ठाऊक झालेलं असायचं. नवरा म्हणायचा, "तुला आपल्या जिल्ह्याचा पालकमंत्री विचारला तर दातखीळ बसेल." बसेलच. पण आपल्या जिल्ह्यातून माझी शेजारीण उभी राहत नव्हती. कॅनडातून राहत होती.

शेजारीण म्हणजे जुनी. आमच्या दारासमोरचं दार तिचं होतं. खाली मीना बाजारातली कापडाची दुकानं आणि वर आम्ही. ती लग्न होऊन नवी नवी आली तेव्हा तिला लिफ्टमध्येसुद्धा कोणाशी बोलायची चोरी. व्हिसाचे कागद कुठे टाइप करून घ्यायचे, अळूची पानं कुठल्या वारी कुठल्या दुकानात येतात, इमारतीच्या रखवालदाराशी, म्हणजे इथल्या भाषेत नातूरशी, कधी गोड बोलायचं आणि कधी डोळे वटारायचे, हे सगळं तिला मी शिकवलं. ती मला ताई म्हणायची. अजून म्हणते, आणि तेच मला जास्त लागतं.

आमच्या ओळखीची मराठी घरं मिळून गणपतीचा एक कार्यक्रम करतात. त्याचं सगळं मी बघते. पण ते मी कधी मागून घेतलेलं नाही, हे लक्षात घ्या. दर वर्षी मंडळी जमतात, कोणीतरी माझ्याकडे बघतं, मी म्हणते, "नको बाई, यंदा दुसऱ्या कोणाला तरी करू दे." मग ते आग्रह करतात, मी पुन्हा नको म्हणते, आणि शेवटी खुर्ची माझीच असते. आमच्यात पद मागायचं नसतं, गळ्यात पडू द्यायचं असतं. एका वर्षी एक नवखे गृहस्थ पहिल्याच बैठकीत "मला अध्यक्ष व्हायला आवडेल" असं बोलून गेले. त्यांना आम्ही चपलांच्या व्यवस्थेवर नेमलं.

माणसं कामाला लावायची माझी पद्धतही तशीच, न मागण्याची. मी डबा पाठवते. चकल्या म्हणा, सुरळीच्या वड्या म्हणा, स्टीलच्या डब्यात घालून एखाद्या घरी पोचवायच्या आणि गप्प बसायचं. मराठी माणूस रिकामा डबा परत करत नाही. त्याला काहीतरी करावं लागतं, निदान साखर तरी घालावी लागते, आणि ते घेऊन त्याला स्वतः माझ्या दाराशी यावं लागतं. दाराशी आला की "आत या ना, बसा, चहा घ्या." चहा संपायच्या आत आरतीच्या ताटांची जबाबदारी त्याच्या गळ्यात. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. माझे डबे घेऊन ही शेजारीण इमारतीभर फिरायची, कडेवर पोर आणि हातात पिशवी. तोंडाने एक शब्द बोलायची नाही.

मग ते लोक कॅनडाला गेले. आमचीही तिकडे जाण्यासाठी फाइल करायचं ठरलं होतं, पण नवऱ्याला एसीचा झोत मानेवर आला तरी सर्दी होते. तो म्हणाला, इथे काय कमी आहे, टॅक्स नाही, मुंबई हाकेवर आहे. मीही मान डोलावली. ती निघाली तेव्हा प्रवासासाठी तिला शंकरपाळे दिले, माझ्या मोठ्या सपाट झाकणाच्या डब्यात. त्यावर माझं पूर्ण नाव घातलेलं आहे. आईने लग्नात दिलेल्या सगळ्या भांड्यांवर दुकानातच मशीनने घालून घेतलं होतं. "डबा परत कर हो," मी हसत म्हटलं. तीही हसली.

पुढची वर्षं मी तिचं सगळं सोसलं. तिचं घर झालं, घराला मागे बाग झाली, बर्फात उभं राहून काढलेले फोटो आले. मी खाली अंगठे दाबत गेले. पण एक दिवस तिने मतदान करून आल्याचा फोटो पाठवला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कॉलेजात जी.एस.ची निवडणूक लढवून जिंकलेली बाई मी. इथे येऊन माझा जन्म गेला. राहायचा परवाना नोकरीवर, नोकरी आहे तोवर आपण आहोत. भारतात मत आहे म्हणतात, पण ते टाकायला तिथे जावं लागतं, आणि निवडणूक काही माझी रजा बघून लागत नाही. इथे अर्थातच मताचा प्रश्नच नाही. म्हणजे भूक असलेली मी उपाशी, आणि जिला हॉलमध्ये पंखा लावा म्हणायची लाज वाटायची ती पोटभर जेवून ढेकर देत होती.

मत देऊन ती थांबली असती तरी मी जगले असते. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "ताई, हसू नकोस हं. मी नॉमिनेशनसाठी उभी राहतेय."

मी हसले नाही. मला तर घोटभर पाणी प्यावं लागलं. मग मी सगळं वाचून काढलं. तिकडे संसदेची एक एक जागा असते, आणि त्या जागेवर पक्षाचा उमेदवार कोण, हे साधारणपणे त्या भागातले पक्षाचे सभासद मत देऊन ठरवतात. म्हणजे लग्नाआधी साखरपुड्याचीच एक निवडणूक. गंमत अशी की सभासद व्हायला नागरिक असावं लागत नाही, तिथे कायमचं राहत असलात तरी चालतं. म्हणून ज्याला तिकीट हवं तो आधी घरोघर जाऊन माणसांना सभासद करतो. जास्त सभासद ज्याचे, साखरपुडा त्याचा. पक्षाचा पुढारीसुद्धा असाच सभासदांच्या मतांनी होतो. पुढारी मात्र एकदा झाला की त्याची सही सगळ्यांच्या वरची. त्याने मनात आणलं तर तो मतदान न घेताच एखाद्याला उमेदवार नेमू शकतो.

हिच्या विरुद्ध तिकीट मागणारा एक दातांचा डॉक्टर होता. त्याचा हसरा फोटो मी पाहिला आणि मला तो माणूस फार आवडला.

पुढे तिच्या भागातल्या कोणीतरी तिचा छोटा व्हिडिओ काढून टाकला. तिने मला पाठवला नव्हता, मी शोधला. ती जाडजूड जाकीट घालून कुणाच्या तरी दारात उभी होती. दार उघडलं, तिने हात पुढे केला आणि सरळ इंग्रजीत म्हणाली, मी अमुक, मला तुमचं मत हवं आहे. सरळ! नको नको नाही, आग्रह नाही, काही नाही. मला तिची लाज वाटली आणि त्याच क्षणी तिच्या त्या सरळ नजरेचा असा मत्सर वाटला की फोन उलटा ठेवावा लागला. मग परत सुलटा केला. तिच्या दुसऱ्या हातात डबा होता. सपाट झाकणाचा. तिने तो त्या बाईला दिला आणि कॅमेऱ्याकडे वळून म्हणाली की आमच्याकडे दुबईत अशी पद्धत होती, डबा कधी रिकामा परत येत नाही, माणूस डबा द्यायला येतो आणि सभासद होऊन जातो.

आमच्याकडे! पद्धत होती! मी व्हिडिओ थांबवून दोन बोटांनी मोठा केला. झाकणावर माझं नाव होतं.

मी ते नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "अरे वा, तुझा डबा पॉलिटिक्समध्ये गेला."

"माझा डबा गेला. मी इथेच आहे," मी म्हटलं. तो पेपरमागे गेला.

मग तिकडे धावपळ सुरू झाली. तिच्या पक्षाचा जुना पुढारी पायउतार झाला, नव्याची निवड झाली, आणि निवडणूक कोणत्याही दिवशी जाहीर होईल असं सगळे बोलू लागले. तिचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. "टफ आहे ताई. डॉक्टर आणि मी, नेक टू नेक. ती आपली गल्फवाली घरं अजून काठावर आहेत. सभासद झालेत, पण मत कुणाला, बोलत नाहीत."

ही गल्फवाली घरं म्हणजे कोण? दुबई, शारजा, उम्म अल कुवैन इथून उठून तिच्याच भागात जाऊन वसलेली. माझ्या गणपतीतली. माझे डबे खाल्लेली. मी वाट पाहिली. आता ती म्हणेल, ताई, तू जरा बोल ना त्यांच्याशी. जगभरच्या परक्या दारांत जाऊन मागणारी बाई, तिला माझ्याकडे मागायला काय हरकत होती? पण ती म्हणाली, "चल, ठेवते, अजून एक गल्ली करायची आहे."

त्या दिवशी मी ठरवलं. आता ती निवडून यायलाच हवी, पण माझ्यामुळे. दातांच्या डॉक्टरने तिला हरवलं असतं तर मला एक आठवडा बरं वाटलं असतं. माझ्या शब्दाने ती जिंकली असती तर जन्मभर.

मुलगी तेव्हा घरीच होती. तिला सांगितलं तर लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "आई, डोंट. दॅट्स फॉरेन इंटरफेरन्स. दे आर सुपर सेन्सिटिव्ह अबाउट इट."

"परक्या देशाची ढवळाढवळ? मी? मी कुठला देश आहे गं?"

"युअर नंबर विल शो दुबई, आई."

नवरा म्हणाला, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस." इतकी वर्षं उंटांच्या देशात राहून त्याला ती म्हण वापरायची संधी मिळाली होती, तो स्वतःवरच खूश झाला. मी दोघांकडे दुर्लक्ष केलं आणि शनिवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, फोन लावायला बसले.

काय बोलले मी त्या दिवशी! आवाजाला काय धार होती! एकीला तिच्या मुलीच्या बारशाची आठवण करून दिली, दुसऱ्याला त्याने बिघडवलेल्या स्पीकरची. सगळ्यांनी एकच म्हटलं, वहिनी, तुम्ही सांगितलंत म्हणजे प्रश्नच नाही. एक काका आहेत, पूर्वी उम्म अल कुवैनला एका कारखान्यात मॅनेजर होते. ते म्हणाले, "वहिनी, तुमचा शब्द म्हणजे खलास, फायनल. पण एक सांगू? ॲक्चुअली तुम्हीच उभं राहायला पाहिजे होतं." मी "छे हो, नको बाई," म्हटलं. सवय! माझ्या तोंडून आपोआप नको निघालं, आणि मग मला बाल्कनीत जाऊन उभं राहावंसं वाटलं. पण फोन ठेवायच्या आधी मी काकांना म्हटलं, आणि इतरांनाही हेच म्हटलं होतं, "कोणी विचारलं तर माझं नाव सांगा हं."

हे मी का म्हटलं ते इथे राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडच्या वशिल्याला इथे वास्ता म्हणतात. बँकेत जा, शाळेत जा, फ्लॅट भाड्याने घ्यायला जा, आधी कोणाकडून आलात ते सांगायचं. नाव सांगितलं की माणसाचं वजन वाढतं. कागद नंतर बघतात. आम्हा सगळ्यांच्या हाडात हे मुरलंय. आणि खरं सांगायचं तर मला माझं नाव तिकडे ऐकू जायला हवं होतं, तिच्या कानापर्यंत.

ते गेलं.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन नाही. निवडणूक जाहीर झाली. बातम्यांत वाचलं की वेळ नसल्यामुळे कितीतरी जागांवर मतदान न घेता पुढाऱ्याने थेट उमेदवार नेमले. मी तिच्या भागाचं पान उघडलं. तिथे दातांच्या डॉक्टरचा हसरा फोटो होता.

आधी मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. मला हलकं वाटलं. मी उठून फोडणीचा भात केला आणि चवीने खाल्ला. वाटलं, बघा, एवढं बर्फ तुडवून, एवढं मागून, शेवटी वरून एक माणूस बोट दाखवतो आणि संपलं. मग ती आणि मी सारख्याच. दोघींना कोणी विचारत नाही.

तिचा फोन आला तो त्यानंतर. आवाज सुधारलेला होता.

"ताई, तू सगळ्यांना फोन केले होतेस?"

"केले. तुझ्यासाठीच केले."

"माहितीये गं. ऐक. पक्षाचं ऑफिस सभासदांना फोन करून व्हेरिफाय करतं, तुम्ही स्वतःहून झालात ना, कोणी प्रेशर नाही ना. काकांना फोन गेला. काकांनी सांगितलं, एकदम फर्स्ट क्लास कँडिडेट, आम्हाला दुबईच्या वहिनींनी सांगितलंय. त्यांना वाटलं, माझी साइड स्ट्राँग होईल. मग दुसऱ्या घरी फोन. तिथेही दुबईच्या वहिनी. तिसरीकडेही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी ओट्याला टेकले.

"त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. तिघं जण होते. म्हणाले, बाहेरच्या देशातून तुमच्यासाठी कोण फोन करतंय? या बाईला तुम्ही ओळखता का?"

"मग तू नाही म्हणालीस ना? अगं, मी न विचारता केले होते. तुझा काय संबंध?"

"मी सांगितलं की मी तिला करायला सांगितलं नव्हतं, मला माहीतही नव्हतं. ते खरंच होतं."

"हां. आणि ओळखत नाही म्हणालीस."

"ओळखत नाही कसं म्हणू, ताई?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, फक्त नवल होतं. "मी म्हटलं, हे जे काम मी करतेय ते मला तिने शिकवलं. शी इज द बेस्ट ऑर्गनायझर आय नो. माझ्या हातात तुम्ही नेहमी जो डबा बघता ना, तो तिचा आहे. त्यावर नाव आहे बघा, म्हणून डबा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला."

"मग?"

"मग थँक यू म्हणाले. घाई होती, डाउट असलेलं कोणी नको होतं त्यांना. डॉक्टरांचं नाव लागलं."

ओरड गं, मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरड, म्हणजे मला उलट ओरडता येईल.

"तू चिडली नाहीस?"

"चिडले ना! म्हणून तर इतके दिवस फोन नाही केला. आता चिडून काय? डॉक्टरांसाठी दारं ठोठावायला जायचंय. पक्ष तर माझाच आहे."

मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला नीट ठाऊक आहे. मी म्हटलं असतं, कोण बाई, मी नाही ओळखत, दुबईत लाखो बाया आहेत. आणि आज माझं नाव रस्त्याकडेच्या पाट्यांवर असतं. आजवर मी तिच्या घराचा हेवा केला, पासपोर्टचा केला, मताचा केला. ते सोपं होतं, त्या सगळ्याला मी नशीब म्हणू शकत होते. त्या तीन माणसांसमोर तिने डबा उचलला, याला नशीब म्हणता येईना. या वेळचा हेवा कुठल्या देशाचा व्हिसा मिळून भागणारा नव्हता, आणि तो मला अगदी तळापासून जाळत होता.

"ताई, आहेस ना? बरं, आमच्या ओळखीचे लोक उन्हाळ्यात दुबईला येताहेत. त्यांच्याबरोबर तुझा डबा पाठवू का आता? रिकामा नाही पाठवत, घाबरू नकोस."

"नको," मी म्हटलं. "ठेव तुझ्याकडे. पुढच्या वेळी उभी राहशील तेव्हा लागेल."

मागे तिचं दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी तिला चल म्हणत होतं.

"फक्त त्यावरचं माझं नाव घासून टाक," मी म्हटलं. माझं नाव जगभर वाजावं म्हणून इतके फोन केलेली मी हे बोलत होते. "तुझं नाव घाल त्यावर."

"इथे नाव घालून देणारा कुठे मिळायचा?" ती म्हणाली. "आणि असू दे ना ते. कोणी विचारलं तर सांगेन मी."